साधनदृष्टी : फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांचे चरित्र

शरीर हे मनुष्याचे सर्वांत जवळचे साधन होय. उठणे, बसणे, चालणे, बोलणे, श्वास घेणे या क्रिया तो जन्मभर करीत असतो. आणि त्या नित्याच्या असल्यामुळेच आपण त्या कशा करतो हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. बैलाच्या मानेवर जू वाकडे बसले तर ते शेतकऱ्याच्या तात्काळ ध्यानात येते. परंतु स्वतःच्या मानेवर, पाठीवर आणि कंठावर आपण अहोरात्र किती व्यर्थ भार घालीत असतो, हे मात्र त्याच शेतकऱ्याला दिसत नाही. दुखणे आले की आपण वैद्याकडे धाव घेतो व औषध मागतो. दुखण्याचे मूळ आपल्याच करणीत तर नसेल ना, ही शंका थोड्यांनाच येते. आणि शंका आल्यावर तिचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा पुरुष तर विरळाच. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे अशा विरळ पुरुषांपैकी एक होत.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर विनयार्ड गावाजवळ टेबल केप हा भाग आहे. तेथे २० जानेवारी १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज इंग्लंडातील शेतमजुरांच्या १८३० सालच्या उठावात शिक्षा होऊन या दूरच्या बेटावर आणले गेले होते. पिता लोहारकाम करीत व घोड्यांची पारख उत्तम जाणत. माता त्या पंचक्रोशीत सुईण व परिचारिका म्हणून ओळखली जाई. फ्रेडरिक हे थोरले अपत्य. मूल दिवस पुरे होण्यापूर्वीच जन्मले आणि जन्मतःच अशक्त होते. श्वासाचा विकार त्याला लहानपणापासून जडला होता. शाळेतील इतर मुलांबरोबर बसून शिकणे त्याला मानवेना, म्हणून गावच्या शिक्षकाने त्याला सायंकाळी घरी शिकविले. त्या शिकवणीतच शेक्सपिअरच्या नाटकांची गोडी त्याला लागली, आणि ती पुढे जन्मभर टिकली.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या वयात फ्रेडरिकला नोकरी धरावी लागली. वाराटा येथे माउंट बिशॉफ नावाची कथिलाची मोठी खाण होती. तिच्या कचेरीत तो हिशेबनीस झाला. दिवसा काम, रात्री फिडलवादन आणि हौशी नाटके असा त्याचा क्रम असे. तीन वर्षांत काटकसरीने पैसे साठवून १८८९ साली तो मेलबर्न नगरीत गेला. तेथे काही महिने त्याने नाटके पाहण्यात, संगीत ऐकण्यात व चित्रशाळा धुंडाळण्यात घालविले. साठविलेले द्रव्य संपले. परंतु जीवनाचा मार्ग ठरला. शेक्सपिअरच्या नाटकांतील उतारे रंगमंचावर एकट्याने म्हणून दाखविणारा वाचिक अभिनेता व्हायचे, असा त्याने निश्चय केला. पोटासाठी कारकुनी करावी आणि उरलेल्या वेळी वाणीची साधना करावी, असे दिवस सुरू झाले. थोड्याच काळात त्यांचे नाव झाले व कार्यक्रमांची निमंत्रणे येऊ लागली.

आणि नेमके याच वेळी संकट ओढवले. कार्यक्रमाच्या मध्येच त्यांचा आवाज बसू लागला. श्वास घेताना घशातून घरघर होई व ती श्रोत्यांना ऐकू जाई. गवयाचे बोट तुटावे किंवा पुराणिकाची दृष्टी जावी, तसा हा प्रसंग होता. कारण वाणी हेच त्यांचे एकमेव भांडवल होते. त्यांनी वैद्य केले, औषधे घेतली, वाणीच्या शिक्षकांचा सल्ला घेतला. तेवढ्यापुरता उतार पडे. पुन्हा कार्यक्रम केला की विकार पुनश्च उभा राही. पुढे एका विशेष महत्त्वाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले. तेव्हा एका वैद्याने त्यांना असे सांगितले की, तोपर्यंतचे दोन आठवडे शक्य तितके मौन पाळावे, म्हणजे आवाज खात्रीने सुधारेल. अलेक्झांडर यांनी ते तंतोतंत पाळले. कार्यक्रमाच्या आरंभी आवाज अगदी स्वच्छ होता. निम्मा कार्यक्रम होईतो तो खरखरू लागला आणि शेवटी शब्द उमटणेही कठीण झाले.

दुसऱ्या दिवशी ते वैद्याकडे गेले. वैद्याचे म्हणणे पडले की उपचार तसाच पुढे चालू ठेवावा. येथे अलेक्झांडर यांच्या विचारशक्तीने पहिले खरे पाऊल टाकले. त्यांनी वैद्याला विचारले की, आरंभी आवाज निर्दोष होता व शेवटी तो नष्ट झाला, तर मधल्या तासाभरात मी जे काही करीत होतो त्यातच विकाराचे कारण असले पाहिजे, असे नव्हे काय? वैद्याने थोडा विचार करून ते मान्य केले. मग मी असे काय करीत होतो, हा पुढचा प्रश्न होता. वैद्याने प्रांजळपणे सांगितले की ते आपणास ठाऊक नाही. अलेक्झांडर यांनी उत्तर दिले की, तसे असेल तर ते मलाच शोधून काढावे लागेल. एवढे बोलून ते घरी परतले. त्यांच्या जीवितकार्याचा आरंभ या दिवशी झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. शरीरशास्त्राचे शिक्षणही नव्हते. त्यांच्याजवळ एक आरसा होता. आरशासमोर उभे राहून ते प्रथम सहज बोलत, नंतर रंगमंचावर म्हणावे तसे उतारे म्हणत, आणि दोहोंत काय भेद पडतो ते पाहत. सहज बोलण्यात काही वावगे दिसेना. परंतु उतारा म्हणू लागताच तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या. मस्तक मानेवर मागे खेचले जाई. स्वरयंत्र खाली दाबले जाई. आणि तोंडाने हवा आत ओढताना धाप लागल्यासारखा आवाज होई. पुढे दृष्टी सूक्ष्म झाल्यावर त्यांना असे आढळले की हेच तीन दोष सहज बोलण्यातही असतात, मात्र अल्प प्रमाणात. विकाराचे बीज नित्याच्या वागण्यात होते; रंगमंचावर त्याचा वृक्ष होई इतकेच.

या तिहींपैकी कारण कोणते व कार्य कोणते, हे त्यांनी एकेक करून तपासले. श्वासाचा दोष किंवा स्वरयंत्राचे दाबणे प्रत्यक्ष प्रयत्नाने थांबविता येईना. परंतु मस्तकाचे मागे खेचणे थोडेसे रोखता आले, आणि ते रोखले की इतर दोन्ही दोष आपोआप कमी होत. त्यांच्या वैद्य मित्रांनी कंठ तपासून पाहिला; स्वरयंत्राची स्थितीही सुधारलेली आढळली. म्हणजे मस्तक, मान व पाठ यांच्या परस्परसंबंधावर सर्व शरीराचा वापर अवलंबून आहे, हे त्यांना कळून आले. या संबंधाला पुढे त्यांनी मूळ नियंत्रण असे नाव दिले. मस्तक मागे खेचताना ते छाती उचलीत, पाठ आखडून घेत व आपली उंचीच कमी करीत, हेही दिसले. इतकेच काय, पायाची बोटे जमिनीत रुतवून उभे राहण्याची जी रीत त्यांना अभिनयशिक्षकाने मोठ्या हौसेने शिकविली होती, तीही या एकाच दोषाची शाखा होती. ज्याला ते कौशल्य समजत होते, तेच त्यांच्या नाशाचे एक साधन ठरले होते.

आता उपाय सोपा वाटला. मस्तक मागे जाते, तर ते पुढे व वर जाऊ द्यावे. त्यांनी तसे केले आणि ते बरोबर झाले असा त्यांना पूर्ण अनुभवही आला. परंतु आवाजात सुधारणा होईना. शंका येऊन त्यांनी दोन्ही बाजूंना आणखी दोन आरसे लावले. त्या आरशांनी दाखविले ते विलक्षण होते. आपण मस्तक पुढे नेत आहोत असे त्यांना जेव्हा निश्चितपणे वाटत होते, त्याच क्षणी ते मस्तक अधिकच मागे खेचीत होते.

या क्षणाचे गांभीर्य वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. डोळ्यांना भ्रम होतो, कानांना भ्रम होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु स्वतःच्या शरीराविषयीची आपली अंतःसंवेदना चुकू शकते, हे कोणाला सहसा पटत नाही. माझा हात कोठे आहे हे मला कळत नाही काय, असे आपण म्हणतो. अलेक्झांडर यांना आढळले की जी सवय जुनी झाली, तीच आपणास सरळ व योग्य वाटू लागते, आणि खरोखर योग्य असेल ते अनोळखी म्हणून चुकीचे वाटते. मग योग्य काय ते संवेदनेला विचारून ठरविणे म्हणजे चोरालाच पहारेकरी नेमणे होय. मनुष्य जितका अधिक जोर लावून सुधारण्याचा प्रयत्न करतो, तितका तो आपल्या जुन्या दोषालाच बळ देतो. कारण तो जोरही जुन्या वाटेनेच वाहतो.

ते निराश झाले, पण त्यांनी शोध सोडला नाही. बोलण्याचा विचार मनात येताच, प्रत्यक्ष शब्द निघण्यापूर्वीच, मान आखडते व मस्तक मागे जाते, हे त्यांच्या लक्षात आले होते. दोष क्रियेत नव्हता. क्रियेच्या संकल्पाला शरीर जी अंध प्रतिक्रिया देई तिच्यात होता. म्हणून त्यांनी एक नवाच मार्ग अवलंबिला. एखादे वाक्य म्हणावयाचे असे ठरवावे आणि लगेच ते म्हणण्यास नकार द्यावा. त्या नकाराच्या शांत अवकाशात मान मोकळी असो, मस्तक पुढे व वर जावो, पाठ लांब व रुंद होवो, असे केवळ चिंतन करावे. प्रत्यक्ष काही करू नये. असे पुष्कळ दिवस केले, तरी वाक्य म्हणण्याचा क्षण आला की जुनी सवय झडप घालीच. तेव्हा त्यांनी त्या क्षणीही निवड मोकळी ठेवली. चिंतन चालू ठेवून ते पुन्हा नव्याने ठरवीत : वाक्य म्हणावे, किंवा काहीच करू नये, किंवा वाक्याऐवजी नुसता हात उचलावा. फळ मिळालेच पाहिजे ही घाई अशा रीतीने संपली, आणि ती संपताच जुन्या सवयीची पकड सुटली. वाक्य म्हटले तरी मस्तक मागे जाईना.

हळूहळू आवाज परत आला, आणि तो पूर्वीपेक्षा चांगला झाला. त्याहून आश्चर्याची गोष्ट ही की, लहानपणापासूनचा श्वासाचा विकारही ओसरला; त्यासाठी त्यांनी वेगळा उपचार काहीच केला नव्हता. चुकीचे करणे थांबले तेव्हा बरोबर ते आपोआप घडू लागले. श्वास घ्यावा लागत नाही, तो येतो. शरीर सरळ धरावे लागत नाही, ते उभे राहते. हालचाल ओढून काढावी लागत नाही, ती उमटते. शरीराच्या ठिकाणी असलेली ही सहज गती आपणच अडवून ठेवतो आणि नंतर ती मिळविण्यासाठी धडपडतो, हा त्यांच्या सर्व शोधाचा सारांश होय.

१८९५ च्या सुमारास त्यांनी न्यूझीलंडमध्ये कार्यक्रम केले व नंतर मेलबर्न येथे इतरांना ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. धाकटे बंधू अल्बर्ट रेडन हे त्यांचे सहकारी झाले. प्रथम नट, वक्ते व धर्मोपदेशक आवाजासाठी येत. मग वैद्यही आपले रोगी पाठवू लागले. १९०० साली ते सिडनी येथे गेले. तेथील शल्यवैद्य स्टुअर्ट मॅके यांनी त्यांना आग्रह केला की या विद्येचे खरे क्षेत्र लंडन आहे. त्याप्रमाणे १९०४ साली ते लंडनला पोहोचले. लिली ब्रेटन, ऑस्कर अ‍ॅश यांच्यासारखे नामांकित नट त्यांचे शिष्य झाले.

त्यांची शिकविण्याची रीत पाहणाऱ्याला अगदी साधी वाटे. एक खुर्ची असे. शिष्याने तिच्यावर बसावयाचे व उठावयाचे. परंतु उठा असे म्हणताच शिष्याने उठावयाचे नसे; प्रथम त्या आज्ञेला आपल्या आत उठणारी घाई पाहून तिला नकार द्यावयाचा असे. गुरूचा हात मानेवर व पाठीवर हलकेच असे. त्या स्पर्शाच्या आधाराने, आणि शिष्याने अडथळा सोडल्यामुळे, शरीर एका क्षणी जणू स्वतःहून खुर्चीवरून उठे. आपण काहीच केले नाही आणि उठणे मात्र झाले, असा विस्मय कित्येकांना वाटे. हे अंगमर्दन नव्हे, व्यायाम नव्हे आणि मोहिनीविद्याही नव्हे. शिष्याने पूर्ण जागे राहावे, हीच त्यातील मुख्य अट होती.

१९१० साली त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९२३, १९३२ व १९४१ साली आणखी तीन झाले. यांपैकी तिसऱ्या ग्रंथात त्यांनी आरशासमोरील शोधाची हकीकत स्वतः सांगितली आहे. त्यांच्या गुणांबरोबर दोषही सांगणे चरित्रकाराचे कर्तव्य आहे. पहिल्या ग्रंथात, त्या काळचे युरोपीय ज्यांना रानटी म्हणत अशा समाजांविषयी, हीनपणाची विधाने आहेत. आपली संवेदना आपणास फसविते हे ज्याने देहाच्या बाबतीत सिद्ध केले, त्याने आपल्या वर्णाभिमानासमोर मात्र आरसा धरला नाही. घोड्यांच्या शर्यतींचा नादही त्यांना अखेरपर्यंत होता. महत्त्वाचा शोध लावणारा पुरुष सर्वच बाबतींत शोधक असतो असे नाही, हे यावरून दिसते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे १९१६ च्या सुमारास तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्यांच्याकडे आले. कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत, तेच हे ड्यूई. डोळ्यांचा ताण व आखडलेली मान यांनी ते त्रासले होते. त्यांना आराम तर पडलाच. परंतु सवय व संकल्प यांविषयी आपण जे बुद्धीने लिहीत आलो ते देहात अनुभवावयास मिळाले, याचे मोल त्यांना अधिक वाटले. अलेक्झांडर यांच्या तीन ग्रंथांना त्यांनी प्रस्तावना लिहिल्या.

१९२४ साली लंडनमधील अ‍ॅशली प्लेस येथील त्यांच्या जागेत लहान मुलांचा एक वर्ग सुरू झाला. वाचन, लेखन, गणित हे सर्व शिकताना मुलाने उत्तराच्या मागे न धावता आपण उत्तर कसे शोधतो याकडे लक्ष द्यावे, अशी तेथील रीत होती. १९३१ साली शिक्षक तयार करण्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या शिष्यांकडून त्यांनी शेक्सपिअरची नाटकेही रंगभूमीवर करवून घेतली. तरुणपणी आवाज बसल्यामुळे जे स्वप्न भंगले होते, ते या रूपाने साठी उलटल्यावर पुरे झाले.

१९३५ साली कादंबरीकार ऑल्डस हक्सले त्यांच्याकडे आले. निद्रानाशाने व अशक्तपणाने हक्सले इतके खचले होते की लेखनाचे काम बिछान्यावर पडून करावे लागे. त्यांना लाभ झाला, आणि १९३७ साली त्यांनी साध्य व साधने या विषयावर जो ग्रंथ लिहिला त्यात अलेक्झांडर यांच्या विद्येचा गौरव केला. हेच हक्सले पुढे वेदान्ताकडे वळले. स्वामी प्रभवानंद व ख्रिस्तोफर इशरवुड यांनी केलेला श्रीमद्भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १९४४ साली निघाला, तेव्हा त्याची प्रस्तावना हक्सले यांनीच लिहिली. फळाकडे दृष्टी लावून साधन बिघडवू नये, हा धडा ज्याने आधी खुर्चीवरून उठताना-बसताना गिरविला, त्याने पुढे गीतेपुढे हात जोडावे, यात सुज्ञांना एक संगती दिसेल. अलेक्झांडर यांना मात्र हा सिद्धांत ग्रंथातून मिळाला नव्हता, आरशातून मिळाला होता. फळाची घाई हाच सर्व दोषांचा पाया, असे ते जन्मभर सांगत राहिले. तसेच, मी करतो हा आवेश जितका प्रबळ तितका देहाच्या सहज व्यापारात अडथळा अधिक, हेही त्यांच्या शिकवणुकीत स्पष्ट आहे. नाटककार बर्नार्ड शॉ वयाच्या ऐंशीच्या सुमारास त्यांचे शिष्य झाले. भारतात १९४२ साली वाटाघाटींसाठी आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स हेही त्यांच्या शिष्यांपैकीच.

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली मुलांची शाळा घेऊन ते अमेरिकेस गेले व १९४३ साली परतले. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सरकारी नियतकालिकाने त्यांच्या विद्येला भोंदूगिरी ठरविणारा लेख छापला. अलेक्झांडर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. दावा सुनावणीस येण्यापूर्वीच, १९४७ च्या डिसेंबरात, ते पडले व त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वय ७८ वर्षांचे. अनेकांनी आशा सोडली. परंतु त्यांनी रोगशय्येवरही तेच केले जे पन्नास वर्षांपूर्वी आरशासमोर केले होते : घाई करावयाची नाही, जोर लावावयाचा नाही, मार्ग सोडावयाचा नाही. काही महिन्यांत ते पुन्हा उभे राहिले व शिकवू लागले. त्यांच्या हाताचा स्पर्श त्या आजारानंतर अधिकच हळुवार झाला, असे शिष्यांना वाटले. १९४८ साली जोहान्सबर्ग येथे ते प्रत्यक्ष हजर नसतानाच खटला चालला. क्रिप्स यांची साक्ष त्यांच्या बाजूने झाली होती. निकाल अनुकूल लागून १,००० पौंडांची भरपाई मिळाली, आणि १९४९ साली प्रतिपक्षाचे अपीलही फेटाळले गेले. मात्र न्यायालयाने निर्णय दिला तो बदनामीविषयी. एखाद्या उपचाराची शास्त्रीय सिद्धी हा न्यायालयाचा विषय नव्हे. ते काम पुढच्या पिढीसाठी राहिले.

अखेरच्या आजारापर्यंत ते शिकवीत होते. १० ऑक्टोबर १९५५ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

१९७३ साली प्राणिशास्त्रज्ञ निकोलास टिनबर्गेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा स्टॉकहोम येथील आपल्या व्याख्यानाचा बराच भाग त्यांनी अलेक्झांडर यांच्या शोधाला वाहिला. पदवी नसलेल्या एका नटाने केवळ धीराने व निरीक्षणाने हे साधले, याचे त्यांना कौतुक होते. पुढे २००८ साली ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात एका मोठ्या परीक्षणाचा वृत्तान्त आला. जुनाट पाठदुखीचे ५७९ रुग्ण त्यात होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांतील २१ दिवस वेदना होत असत. या विद्येचे २४ पाठ घेतलेल्यांना वर्षाअखेर केवळ ३ दिवस होत असल्याचे आढळले. तथापि सर्व रोगांवर हा उपाय आहे असे यावरून मानू नये. दम्यासारख्या विकारांत तिचा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही, आणि गंभीर दुखण्यात वैद्याचा सल्ला सोडून अशा पाठांवर विसंबणे अविचाराचे होईल. ही विद्या ग्रंथ वाचून एकट्याने शिकणेही कठीण. कारण शिकणाऱ्याची संवेदनाच त्याला फसवीत असते.

तरीही या चरित्रातून गृहस्थाश्रमी माणसाने घ्यावे असे पुष्कळ आहे. आपल्या घरात दिवसभर किती हाका येतात! दूध उतू जाते, दारावरची घंटा वाजते, मूल पडते, कोणी कठोर शब्द बोलते. प्रत्येक हाकेसरशी आपली मान आखडते, श्वास अडतो आणि आपण धाव घेतो. काम होते खरे. परंतु काम करणारा झिजतो, आणि बहुधा कामही बिघडते. हाक आणि धाव यांच्यामध्ये एक क्षण आहे. तो क्षण अलेक्झांडर यांना आवाज हरवला म्हणून सापडला. त्या क्षणी थांबणे म्हणजे कर्म टाळणे नव्हे. दूध उतरवायचे आहेच, दार उघडायचे आहेच, मुलाला उचलायचे आहेच. परंतु ते करणारा हात मोकळा असावा, वाणी मोकळी असावी, आणि मनात फळाची ओढाताण नसावी, एवढ्यासाठी हा एक क्षण आहे. आज संध्याकाळी घरात कोणी हाक मारील, तेव्हा वाचकांनी तो शोधून पाहावा.